पेडलखालचं टक

जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत, एका मराठी घराच्या ड्राइव्हवेवर घडलेली गोष्ट. तशी पाच-सात मिनिटांचीच. घर विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकाची गोल्फ कार्ट गॅरेजमध्येच राहिली होती. पेट्रोलवर चालणारी, क्लब कार कंपनीची, १९९५ सालची. सहा वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. घरातल्या मुलाने एका शनिवारी नवी बॅटरी आणून बसवली, टाकीत गॅलनभर ताजं पेट्रोल ओतलं, किल्ली फिरवली आणि पेडल दाबलं. सीटखालून 'टक' असा आवाज आला, आणि पुढे काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. दहा-बारा वेळा असं झाल्यावर त्याने सांगून टाकलं, "इंजिन जॅम झालंय." नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले वडील गॅरेजच्या दारात उभे होते. सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत केलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "अरे, केबली एकदा बघायच्या का?" "बाबा, इथे असल्या गोष्टींत कुणी वेळ घालवत नाही," मुलगा म्हणाला. त्यात राग नव्हता, आठवडाभराचा थकवा होता. पुढच्या शनिवारी 'फुकट घेऊन जा' या बोलीवर एक माणूस ट्रेलर घेऊन आला. त्याने सीट उचलली, ट्रकच्या बॅटरीला लावलेली जंपर केबल ओढत आणली, काळा चिमटा इंजिनच्या उघड्या धातूला लावला आणि लाल चिमटा सोलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, स्टार्टरकडच्या बोल्टला टेकवला. इंजिन कण्हलं आणि फिरलं. चांगले चार-पाच फेरे फिरलं. त्याने चिमटा काढला, सीट खाली टाकली आणि विंचचा हुक अडकवायला वाकला.

मुलगा बघत होता. वडीलही बघत होते.

गाडी फुकट गेली याचं फार वाईट वाटावं असं काही नाही. दिला शब्द दिला. पण तो 'टक' मनातून जात नाही. कारण त्या एका आवाजात निम्मी तपासणी आपोआप झालेली होती आणि ती कुणी ऐकलीच नाही. पेडल दाबलं की आधी त्याला जोडलेला छोटा मायक्रोस्विच दाबला जातो. त्यातून बारीकसा करंट किल्लीमार्गे सोलेनॉइडकडे जातो, सोलेनॉइडच्या आतला गज खेचला जातो आणि तांब्याची जाड पट्टी दोन मोठ्या बोल्टांवर आदळते. तोच टक. म्हणजे किल्ली चालू, पेडलचा स्विच चालू, सोलेनॉइडची कॉइल चालू. राहिलं काय, तर जाड करंटचा रस्ता. बॅटरीचं टोक, तिथून सोलेनॉइडपर्यंतची केबल, सोलेनॉइडमधले जळके संपर्क, तिथून स्टार्टर, आणि स्टार्टरकडून फ्रेममार्गे बॅटरीकडे परत येणारा अर्थ, म्हणजे अर्थिंग. ट्रेलरवाल्याने दोन चिमट्यांनी जवळजवळ हाच रस्ता ओलांडला होता. इंजिन फिरलं, म्हणजे ते जॅम नव्हतं, स्टार्टरही जिवंत होता. दोष होता तो दोन-तीन हातांच्या केबलीत, त्यांच्या टोकांत, नाहीतर सोलेनॉइडच्या संपर्कांत.

त्या टोकांकडे जवळून बघायला हवं. जुन्या केबलच्या टोकाशी हिरवट-पांढरी, फुललेली पूड जमलेली असते, तुरटी फुलवल्यासारखी. ती दिसते म्हणून बरी. न दिसणारा गंज प्लास्टिकच्या आत, तांब्याच्या तारांवर चढतो. केबल हातात घेऊन वाकवली की टोकापाशी ती काठीसारखी ताठ लागते, कधी आतून करकरते. क्लब कारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिची फ्रेम अॅल्युमिनियमची असते, म्हणून ती लोखंडासारखी गंजून सडत नाही. जुनी कार्ट घेताना तिच्या बाजूने झुकावं असं हे खरं कारण आहे, कारण लोखंडी फ्रेमची गाडी खालून कुजली असेल तर इंजिन कितीही चांगलं असून उपयोग नसतो. पण अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, डोळ्यांना नीट दिसतही नाही, आणि अर्थचा बोल्ट जिथे फ्रेमला टेकतो तिथे तो करंट अडवून बसतो. बोल्ट घट्ट असतो, केबल नवी असते, तरी गाडी नुसती टक करते.

हे शोधायला साधा मीटर पुरतो. बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. मग दुसऱ्या कुणालातरी पेडल दाबायला सांगून पुन्हा बघायचं. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर, किंवा इंजिन खरोखरच अडकलेलं. आकडा जागचा हललाच नाही तर करंट पुढे जातच नाहीये. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्याच खांबावर चढवलेल्या केबलच्या टोकावर, आणि पुन्हा पेडल. या दोन्हींत बोटभरही अंतर नसतं, तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवं. तिथेच व्होल्टभर दिसला तर चोर सापडला. असंच एकेक सांधा पुढे जात सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर यायचं. टक वाजत असताना त्या दोन बोल्टांमध्ये जवळजवळ पूर्ण बारा व्होल्ट दिसत असतील तर आतले संपर्क जळालेत, सोलेनॉइड बदलायचा. अर्थची बाजू सगळ्यात शेवटी तपासली जाते, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. केबल काढायची असेल तर आधी ऋण टोक काढायचं आणि बसवताना तेच शेवटी बसवायचं. पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, फसफसून निघते, फक्त ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ द्यायचं नाही. मग पॉलिश पेपरने शिसं आणि तांबं चमकेपर्यंत घासायचं, आवळायचं आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. अर्ध्या तासाचं काम.

पीचट्री सिटीत हे काम अडगळीतलं मानायचं कारण नाही. तिथे कार्टसाठी शंभर मैलांहून जास्त लांबीच्या वाटा आहेत, झाडांमधून आणि तळ्यांच्या कडेने. दुकानात, शाळेत, मित्राकडे माणसं कार्टने जातात. कार्ट बनवणारी ई-झी-गो कंपनी १९५४ साली याच राज्यातल्या ऑगस्टा शहरात सुरू झाली, क्लब कारही त्याच भागातली, आणि यामाहाचा कारखाना तर शेजारच्या न्यूननमध्ये. एखाद्या गावात उसाची गुऱ्हाळं असावीत तसं हे. मार्चमध्ये पाइनचे पराग उडायला लागले की सगळं पिवळं होतं. मोटारी, पायऱ्या, झाकून ठेवलेल्या कार्टसुद्धा. जेजुरीचा भंडारा उधळलेला असावा तशा दिसतात. आपल्या माणसाला तो रंग शुभ वाटतो, पण एअर फिल्टरमध्ये तोच ओला होऊन चिखल होतो.

या गाड्यांच्या स्वभावात एक गोष्ट आहे, ती समजली की पुढचं सोपं जातं. मोटारीचं इंजिन सिग्नलला उभं असतानाही सहसा चालू राहतं. पेट्रोलवरच्या बहुतेक गोल्फ कार्टांचं तसं नसतं. पेडल दाबलं की स्टार्टर बेल्टने इंजिन फिरवतो, इंजिन पकडतं, आणि आता तोच स्टार्टर जनरेटर होऊन बॅटरी भरतो. पाय उचलला की इंजिन बंद. पुन्हा दाबलं की पुन्हा सुरू. अठरा भोकांच्या एका खेळात ती असंख्य वेळा थांबते आणि तितक्याच वेळा उठते. म्हणून तिच्या बॅटरीला, सोलेनॉइडला आणि स्टार्टरच्या कार्बन ब्रशांना मोटारीपेक्षा कितीतरी जास्त काम पडतं, आणि ठप्प झालेली कार्ट तपासताना सुरुवात इंजिनपासून न करता इथूनच करावी लागते. तो बेल्टही बघायचा. सैल असेल तर स्टार्टर गरगरतो, बेल्ट किंचाळतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही.

थांबणं हा तिच्या कामाचाच भाग आहे.

मात्र सहा वर्षं थांबलेल्या इंजिनला पहिल्याच दिवशी स्टार्टरने गरगर फिरवणं मला मान्य नाही. नवी बॅटरी लावून पेडल दाबण्याची घाई सगळ्यांना होते, पण त्या पाच मिनिटांत सिलिंडरच्या भिंतीवर कायमचे ओरखडे पडू शकतात. आधी मागची चाकं जमिनीवरून उचलून स्टँडवर घ्यायची आणि पुढच्या चाकांना ओंडके लावायचे. इथे पेडल दाबून इंजिन सुरू होतं ते गाडी पळवण्यासाठीच, म्हणून बेसावध माणसाला कार्ट भिंतीवर नेते. मग स्पार्क प्लग काढायचा आणि त्याच्या भोकातून चमचाभर, म्हणजे पाचेक मिलिलिटर, इंजिन ऑइल आत सोडून रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी किल्ली बंद ठेवून इंजिनला जोडलेल्या क्लचची चकती हाताने हळूहळू फिरवून बघायची. सुरुवातीला जड जाते, मग एकदम मोकळी होते, आणि प्लगच्या भोकातून 'फुस्स' करून हवा बाहेर येते. तळव्याला लागणारी ती हवा म्हणजे पिस्टन वरखाली होतोय याची खूण. अजिबात हललीच नाही तर जोर करायचा नाही. गंज सोडवणारं तेल घालून आणखी दोन-तीन दिवस थांबायचं, रोज थोडं मागेपुढे करायचं. हलते पण दाब मुळीच येत नाही, तर बहुधा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकलाय. वरचं झाकण काढून चकती फिरवली की दिसतं, एक दांडा खाली जातो आणि परत वर येत नाही. त्याच्या देठाला तेल सोडून प्लास्टिकच्या हातोडीने अलगद टकटक केलं की बरेचदा सुटतो.

याच वेळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची कांडी, काढून तिचा वास घ्यायचा. ही पायरी कुणी करत नाही आणि इंजिनं याच पायरीला मरतात. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा पातळी खुणेच्या वर चढलेली असेल, तर कार्टच्या पेट्रोल पंपाकडे संशयाने बघायचं. या पंपाला ना मोटर असते ना दांडा. इंजिनच्या पोटातली हवा पिस्टनबरोबर मागेपुढे होते, ती धडधड एका नळीने पंपात येते आणि आतला पातळ पडदा हलवते. त्या हलण्यावर पेट्रोल वर चढतं. पडदा फाटला की पेट्रोल त्याच नळीने उलटं इंजिनच्या पोटात उतरतं आणि ऑइल इतकं पातळ करतं की बेअरिंगला आधारच उरत नाही. अशा ऑइलवर इंजिन सुरू करायचं नाही. पंप बदलायचा, ऑइल बदलायचं, आणि खुणेपर्यंतच भरायचं, साधारण लिटरभर. जास्त भरलं तर ते इंजिनच्या श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये चढतं, आणि मग निळा धूर बघून माणूस पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून हळहळतो.

ठिणगीचं काम तुलनेने सरळ आहे. नवा प्लग स्वस्त असतो, तो घ्यावाच. फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास. प्लग वायरला लावून त्याचा धातू इंजिनला नीट टेकवायचा, उघड्या भोकापासून लांब, आणि अंधार करून स्टार्टर फिरवायचा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. नसेल तर घाबरून ठिणगी देणारी कॉइल विकत आणू नये. आधी कॉइलला येणारी बारीक बंद-वायर सोडून बघावी. ही वायर अर्थला टेकली की इंजिन बंद, एवढंच तिचं काम. उंदराने तिचं प्लास्टिक कुरतडलं आणि ती फ्रेमला टेकली, तर किल्ली चालू असूनही ठिणगी येत नाही. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर कॉइल ठणठणीत आहे, दोष वायरिंगमध्ये आहे. दमट हवेत राहिलेल्या गाडीत फ्लायव्हीलच्या चुंबकावर गंज चढतो, तोही पॉलिश पेपरने उतरवून घ्यावा.

खरा वेळ लागतो तो पेट्रोलच्या वाटेवर. आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या पेट्रोलमध्ये नवं ओतलं की नवंही जुनंच होतं. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पुरेसं पाणी झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. काचेच्या बरणीत थोडं काढून उजेडात धरलं की समजतं. ताजं पेट्रोल फिकट असतं. सहा वर्षांचं काळ्या चहासारखं तांबूस झालेलं असतं, तळाशी ढगाळ थर, आणि वास पेट्रोलचा न येता जुन्या रंगाच्या डब्याचा, व्हार्निशचा येतो. असं पेट्रोल पातळ करून वापरायचं नाही, गटारात तर नाहीच. गावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यायचं. काढताना तोंडाने नळी ओढू नये, हातपंप घ्यावा, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवावं, बॅटरी सोडलेली असावी. गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल तर हे काम अंगणातच करावं, कारण पेट्रोलची वाफ जमिनीवरून सरपटत लांबवर जाते आणि त्या बंबाच्या ज्योतीपर्यंत पोचते.

टाकी रिकामी झाली की नळ्या. सगळ्या. काटकसर करून एखादी जुनी ठेवली तर तीच पुढच्या महिन्यात रडवते. कडक झालेली नळी वाकवली की बारीक भेगा दिसतात. त्यातून पेट्रोल गळेलच असं नाही, पण हवा ओढली जाते आणि पंपाला पेट्रोल चढत नाही. पंपाची धडधड आणणारी नळीही याच भेगांनी निकामी होते, आणि लोक चांगला पंप फेकून देतात. फिल्टर बदलायचे, बाणाची दिशा बघून. मग हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरायची आणि स्टार्टर फिरवायचा. पेट्रोल ठेक्यात पिचकाऱ्या मारत आलं पाहिजे.

आता कार्ब्युरेटर. बाजारात स्वस्तात नवी नक्कल मिळते आणि पुष्कळ जण तीच लावतात. माझं मत असं, की मूळचा जपानी कार्ब्युरेटर तडकलेला नसेल तर तोच साफ करून वापरावा. नकलेच्या जेटांची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोट्यांची, भोकं नेमक्या मापाची असतीलच याची खात्री नसते, आणि मग गाडी चालते खरी, पण चढावर धापा टाकते. फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या, वाटीचे स्क्रू काढताना एक काळजी घ्यावी. जपानी स्क्रूचा खाचा आपल्या नेहमीच्या चौफुली स्क्रू ड्रायव्हरपेक्षा किंचित वेगळा असतो, साध्या ड्रायव्हरने तो गोल होऊन बसतो. योग्य टोकाचा ड्रायव्हर, त्यावर हातोडीचा हलका ठोका, मग पीळ. वाटी उघडली की तळाशी जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. आटवून करपलेल्या गुळाच्या पाकासारखा तांबूस थर, कडेला हिरवी बुरशीसारखी पूड, मधे फ्लोट चिकटलेला. पितळेचा मोठा जेट काढून खिडकीकडे धरायचा. भोकातून गोल, स्वच्छ उजेड दिसायला हवा, अर्धचंद्र चालत नाही. त्याच्या शेजारचा छोटा जेट सगळ्यात चिकट. त्याचं भोक जेमतेम जाड केसाएवढं, आणि गाडी अडते ती बहुतेक इथेच. त्यात सुई किंवा ड्रिल घालायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की कायमचं झालं. रात्रभर क्लीनरमध्ये भिजवायचा, मग वायरीतला तांब्याचा एकच धागा किंवा नायलॉनचा दोरा अलगद घालायचा, आणि शेवटी दाबाची हवा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांनी आत बसतो ते मोजून कागदावर लिहायचं, कारण तो आकडा नंतर शोधणं कठीण जातं. फ्लोटच्या सुईच्या टोकाला कडं उमटलेलं असेल तर सुई बदलायची, नाहीतर पेट्रोल वाहत राहील.

या सगळ्याआधी एक झटपट परीक्षा करता येते. कार्ब्युरेटरच्या तोंडात क्लीनरचा एकच छोटा फवारा मारायचा, आपला चेहरा लांब ठेवून, आणि पेडल दाबायचं. इंजिन दोन सेकंद पकडून मेलं तर दाब आहे, ठिणगी आहे, भूक फक्त पेट्रोलची आहे. पण हा फवारा मारत मारत गाडी चालवत राहू नये. काही जण तसं करतात आणि कोरडा सिलिंडर खरवडून घेतात. जुन्या टू-स्ट्रोक कार्टांना तर हे अजिबात सोसत नाही, त्यांचं ऑइल पेट्रोलबरोबरच आत येतं. ज्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळून भरावं लागतं तिथे नुसतं पेट्रोल भरून सुरू केलं की खरोखरच जॅम होतं. (हार्ली-डेव्हिडसननेही १९६३ ते १९८२ या काळात गोल्फ कार्टं बनवली होती, पेट्रोलवरच्या टू-स्ट्रोक. त्यांत रिव्हर्स गिअर नव्हता, मागे जायचं तर अख्खं इंजिनच उलट्या दिशेने सुरू व्हायचं.)

आणि उंदीर. इंजिन हवेने थंड होतं. फ्लायव्हीलचा पंखा पत्र्याच्या टोपणाखालून हवा सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर फेकतो. नेमकी तीच जागा उंदरांना घर करायला आवडते. ऊबदार, अंधारी, सीटचा फोम हाताशी. बाहेरून काही दिसत नाही. गाडी सुरू होते, छान चालते, आणि दहा-पंधरा मिनिटांत तापून वितळायला लागते. म्हणून चार बोल्ट जास्तीचे पडले तरी चालतील, ते टोपण उघडायचंच. घरटं सापडलं तर कोरडं झाडायचं नाही. जंतुनाशकाने ओलं करायचं, हातमोजे आणि मास्क लावून उचलायचं, तिकडच्या रानउंदरांच्या घाणीतून फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. कुंभारीण माशी तर चिमूटभर चिखलाने बारीकशी भोकंसुद्धा बुजवते. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तिने लिंपलं असेल तर गाडी सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. अशा वेळी झाकण सैल करून ऐकायचं. हवा आत ओढल्याचा 'स्स' आवाज आला की दोष सापडला.

पहिल्यांदा इंजिन पकडतं तेव्हा सायलेन्सरमधून दाट निळसर-पांढरा धूर येतो. सिलिंडरमध्ये घातलेलं ऑइल जळत असतं, मिनिट-दोन मिनिटांत विरतो. त्या धुरात घाबरून पाय उचलायचा नाही. आवाज आधी अडखळता, मग एकदम सलग होतो, आणि स्टँडवर उचललेली मागची चाकं गोल फिरायला लागतात. आता मीटर पुन्हा बॅटरीवर. वेग घेतल्यावर चौदाच्या आसपास आकडा चढला तर जनरेटर भरतोय. नाही चढला तर ब्रश आणि व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बघायचे, नाहीतर चार दिवसांत पुन्हा टक सुरू.

सुरू झाली म्हणजे रस्त्यावर नेण्यासारखी झाली असं मात्र नाही. हँडब्रेक ओढून वर्षानुवर्षं उभी केलेली असेल तर ब्रेक-शू ड्रमला चिकटून बसलेले असतात. चाकं काढून, ड्रम उघडून, केबलीला तेल देऊन ते मोकळे करावेच लागतात. दोन क्लचना जोडणारा मुख्य बेल्ट एकाच जागी दबून राहिल्याने तिथे चपटा होतो आणि निघताना गाडी हिसका देते. क्लचच्या चकत्यांवर गंज असेल तर घासून काढायचा, पण तिथे तेलाचा थेंबही लावायचा नाही, बेल्ट घसरतो. टायरच्या बाजूंना बोट घालावं एवढ्या भेगा असतील तर हवा भरून समाधान मानू नये. हे सगळं धरून दोन-तीन शनिवार लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याने गाडी देऊन टाकली तर त्याला दोष देता येत नाही, घर, नोकरी, मुलांचे क्लास, सगळं त्याच शनिवारात बसवायचं असतं. पण ज्याच्याकडे आयुष्यभराचे हात आहेत आणि सहा महिने रिकामे आहेत, असा माणूस त्याच घरात होता. पुस्तक वाचून, फिरून, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडून उरलेला त्याचा दिवस त्या गॅरेजात सहज मावला असता. दोघांपैकी कुणालाच तसं म्हणायचं सुचलं नाही. 'बाबा, तुम्ही बघता का' एवढं मुलाला सुचलं नाही, आणि 'मी बघतो' हे वडिलांना जिभेवर आणता आलं नाही, कारण घर मुलाचं होतं.

त्या दिवशी ट्रेलरवर चढवताना स्टिअरिंग सरळ धरायला कुणीतरी बसायला हवं होतं. वडील बसले. विंचची तार ताणली जाण्याआधी ट्रेलरवाला पट्टा आणायला पलीकडे गेला, तेवढ्या वेळात त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, किल्ली फिरवली आणि पेडलवर पाय ठेवला. सीटखालून टक वाजलं. मान किंचित कलती करून त्यांनी ते ऐकलं, पाय उचलला, पुन्हा ठेवला. टक. मग किल्ली बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवून बसून राहिले.